माती कोसळलेल्या चरात जवान उतरवण्याआधी काय शिकवावं

"गावात भुयारी गटाराचं काम सुरू आहे, चर दहा-बारा फूट खोल जातात. दलात २२ जवान, एक रेस्क्यू टेंडर, शिड्या, दोर, हार्नेस आणि हायड्रॉलिक कटर-स्प्रेडर आहे. चराला आधार द्यायचं सामान नाही. माती कोसळून मजूर अडकला तर काय करायचं याचं प्रशिक्षण दोन दिवसांत होईल का? सामान येईपर्यंत जवानाला हार्नेस घालून दोरावर खाली सोडता येईल का?" असा एका नगरपरिषदेच्या अग्निशमन दलातल्या स्टेशन ऑफिसरांचा प्रश्न आहे.

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण उद्याच वर्दी, म्हणजे अपघाताची खबर, आली तर तेवढं तरी हाताशी हवं. दोरावर सोडू नका. दोर पडणाऱ्या माणसाला धरतो, गाडल्या गेलेल्याला उपसून काढत नाही. तीन मीटर उंचीवरून सुटलेलं ढेकूळ पाऊण सेकंदात तळाशी येतं, तेव्हा त्याचा वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो. वर उभ्या असलेल्याने 'पळा' म्हणेपर्यंत खालचा जवान मांडीपर्यंत गाडला गेलेला असतो. मग वरचे चौघे दोर ओढतात आणि हार्नेसच्या पट्ट्यांतून त्याचाच कणा आणि कंबर ताणली जाते. काढायला गेलो एकाला आणि अडकले दोघे, असं होतं ते नेमकं इथे.

तुमची खरी अडचण मला सामानाच्या यादीपेक्षा वेगळी दिसते. आगीच्या वर्दीवर जवानाला शिकवलेलं असतं की पोचल्याबरोबर कामाला भिडायचं. चराच्या वर्दीवर पहिली पंधरा-वीस मिनिटं काठापासून मागे राहून काढायची असतात, आणि तीही अडकलेला माणूस हाका मारत असताना, त्याचा भाऊ हातांनी माती उकरत असताना. हे ऐकून पटतं, अंगात मात्र सरावानेच मुरतं. म्हणून प्रशिक्षणात मी आधी जमिनीवरचं काम पक्कं करून घेतो आणि मगच आधार लावायला शिकवतो.

दुसरी अडचण माणसांची. २२ जवान म्हणजे तीन पाळ्या. रजा आणि साप्ताहिक सुट्टी वजा केली की एका वेळी सहा-सात जण हातात राहतात. चराला पूर्ण आधार देऊन माणूस सुखरूप काढायला वीसच्या वर माणसं आणि चार ते आठ तास लागतात. त्यामुळे तुमच्या पहिल्या पाळीने एकट्याने सुटका पुरी करावी, हे उद्दिष्टच ठेवू नका. त्यांनी साधायचं ते असं: आणखी कोणी गाडलं जाऊ नये, अडकलेल्याचा श्वास चालू राहावा, आणि मदतीचं पथक येईपर्यंत जागा कामाला तयार असावी. एवढं करणारी पाळी मी उत्तम समजतो.

बाकी बरंच काही प्रसंगावर अवलंबून आहे: चर किती खोल, माती कोणती, पाणी आहे का, माणूस गुडघ्यापर्यंत गाडला आहे की दिसतच नाही. तरी एक रेघ आधीच आखून ठेवा. सरळ, दुसऱ्या चराला न छेदणारा, २.४ मीटरपर्यंत खोल आणि पाणी नसलेला चर असेल, तर चार दिवसांचं पक्कं प्रशिक्षण घेतलेलं पथक योग्य सामान घेऊन त्यात काम करू शकतं. त्याहून खोल, चेंबरजवळ दोन चर मिळतात तिथला, किंवा तळाशी पाणी झिरपत असलेला चर हे खास पथकाचं काम. तुमचे चर दहा-बारा फूट, म्हणजे ३ ते ३.६ मीटर आहेत. ते या रेघेपलीकडे जातात. राज्यातली एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरेला आहे. तिला बोलावण्याचा मार्ग जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती नियंत्रण कक्षातून जातो. तो फोन आपण जागेवर पोचल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत झाला पाहिजे. तासभर आपण धडपडून मग केलेला फोन उशिराचा असतो.

आता माती. वर्गात याला अर्धा दिवस द्या आणि फळ्यावर कमी, अंगणात जास्त शिकवा. एक घनमीटर माती कोरडी-सैल असेल तर दीड टन आणि ओली असेल तर दोन टनांपर्यंत भरते. आकडा सांगून हे कळत नाही. एक मीटर लांब-रुंद-उंच असा फळ्यांचा खोका करा, ओल्या मातीने भरा आणि दोन जवानांना छोट्या फावड्याने आणि घमेल्याने तो रिकामा करायला लावा. घमेल्यात साधारण वीस किलो माती मावते, म्हणजे ऐंशी-नव्वद घमेली. दोराने दोन मीटर वर खेचून ओतायची अट घाला आणि घड्याळ लावा. पंधराव्या-विसाव्या मिनिटाला जोडी बदलावी लागते, हे त्यांना स्वतःच्या खांद्यांवरून कळतं, आणि 'पटकन माती काढून घेऊ' ही भाषा त्या दिवसापासून बंद होते.

आपल्याकडच्या मातीचे स्वभावही शिकवायला हवेत. काळी माती उन्हाळ्यात कोरडी असताना सरळ कापलेल्या भिंतीसारखी उभी राहते आणि फसवते. तिच्या भेगांत पावसाचं पाणी शिरलं की भेगेपासून काठापर्यंतची अख्खी लादी सुटते. मुरूम पाणी लागेपर्यंत भक्कम वाटतो. कोकणात जांभ्याचा कठीण थर वर आणि मऊ चिकणमाती खाली असेल तर खालचा भाग आधी निसटतो आणि वरचा थर छज्ज्यासारखा लोंबकळत राहतो. सगळ्यांत वाईट म्हणजे भराव. गावातल्या रस्त्याखाली जुनी पाण्याची लाइन, टेलिफोनची केबल, मागच्या वर्षीचा चर असं काही ना काही आधी उकरून भरलेलं असतं. नव्या चराची भिंत त्या जुन्या भरावापासून हातभर अंतरावर असली की ती भिंत नसून पापुद्रा आहे असं समजायचं. अंगठ्याची चाचणी सगळ्यांना करायला लावा: उपसलेल्या ढिगातलं ताजं ढेकूळ घेऊन त्यात अंगठा दाबायचा. खूप जोर लावून जेमतेम खूण उमटली तर माती घट्ट, अंगठा सहज आत गेला तर मऊ. ढेकूळ ढिगातूनच घ्यायचं, भिंतीतून नाही. आणि एकदा कोसळलेली माती, चाचणी काहीही सांगो, मऊच धरायची.

काठावरच्या भेगा कुठे शोधायच्या याचाही अंदाज देता येतो. त्या साधारणपणे चराच्या खोलीच्या निम्म्यापासून पाऊणपट अंतरावर पडतात. तीन मीटर खोल चर असेल तर काठापासून दीड ते सव्वादोन मीटर मागे. गर्दी नेमकी त्याच पट्ट्यात उभी असते, आणि आपले जवानही गाडीतून उतरून पहिल्यांदा तिथेच जाऊन वाकून बघतात. कोसळलेल्या चरावर दुसरी ढासळ होण्याचा धोका मोठा असतो, कारण पहिल्या ढासळीने भिंतीच्या पायथ्याला पोकळी केलेली असते आणि वरचा भाग हवेत राहिलेला असतो.

पहिल्या पंधरा मिनिटांचा सराव असा घ्या. गाडी चरापासून निदान १५ मीटर मागे थांबवायची, शक्यतो चराच्या टोकाच्या दिशेला. ४,५०० लिटरच्या बंबात साडेचार टन तर नुसतं पाणीच असतं, त्यामुळे मोठी गाडी त्याहून बरीच मागे. रस्त्याची वाहतूक ५० मीटरवर अडवायची, जवळपासची रोलर, ब्रेकर, काँक्रीट मिक्सरसारखी हादरे देणारी यंत्रं १०० मीटरच्या आत बंद करायची. काठाला जेसीबी उभा असेल तर तो हलवण्याची घाई नको. साडेसात-आठ टनांचं यंत्र काठावरून मागे घेताना चाकांखालची जमीनच चरात जाऊ शकते. इंजिन बंद करून, बकेट जमिनीला टेकवून, चालकाला चराच्या उलट बाजूने खाली उतरवायचं. हलवायचं का हे नंतर नीट बघून ठरवायचं.

मग एकाने, फक्त एकाने, मुकादमाला गाठायचं. किती माणसं खाली होती, शेवटची कुठे दिसली, कोण काय करत होता, किती वाजता कोसळलं, जवळून पाण्याची, विजेची किंवा गॅसची लाइन जाते का. मुकादम घाबरलेला असतो, आकडा चुकवतो. म्हणून हजेरीच्या वहीशी आणि काठावरच्या जेवणाच्या डब्यांशी, चपलांशी ताळा करून घ्यायचा. चरातला पाइपचा शेवटचा जोड, पंपाची नळी, अर्धवट दिसणारं फावडं यावरून माणूस कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. हे सगळं टिपून ठेवा, कारण पुढच्या पथकाला याचीच गरज लागते.

चरात उतरलेल्या मजुरांना बाहेर काढणं हा सगळ्यांत अवघड भाग आणि त्याचा सराव कोणीच घेत नाही. दंडुका दाखवून ते निघत नाहीत, आणि निघू नये असंच त्यांना वाटणार. खाली त्यांचा माणूस आहे. त्यांना काम द्या. "तू आणि तू, त्या शटरिंगच्या फळ्या इकडे आणा. तू या टोकाला थांब, त्याच्याशी बोलत राहा, त्याला झोपू देऊ नकोस." हाक मारायला घरचा आवाज लागतो, आपला नाही. सरावात एका जवानाला भावाची भूमिका द्या आणि त्याला खरोखर चराकडे धावायला सांगा. त्याला कोण, कसं आणि कोणत्या शब्दांत थांबवतं ते बघा.

काठाजवळ जायचं ते टोकाकडून. चराची टोकाची आखूड भिंत लांब भिंतींपेक्षा साधारणपणे जास्त स्थिर असते. पाय टेकण्याआधी जमिनीवर फळ्या किंवा १९ मिलिमीटरचं प्लायवूड अंथरायचं, म्हणजे वजन पसरतं. फळीवरून पाय बाहेर पडला की सराव थांबवून पुन्हा पहिल्यापासून. उपसलेल्या मातीचा ढीग काठाला खेटून असतोच. तो फावड्याने, लांबच्या बाजूने, निदान ६० सेंटिमीटर मागे घ्यायचा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या सुरक्षा संहितेत हे अंतर दीड मीटर किंवा चराच्या खोलीच्या निम्मं, यांपैकी जे जास्त असेल ते सांगितलं आहे. तेवढं मिळालं तर फार उत्तम.

दोन शिड्या सोडायच्या, दोन बाजूंना, काठाच्या ९० सेंटिमीटर वर येतील अशा. माणूस शुद्धीवर असेल आणि हात मोकळे असतील तर त्याला हेल्मेट, छोटं फावडं, पाणी दोराने खाली द्या आणि स्वतःला मोकळं करायला सांगा. तो आधीच धोक्यात आहे. त्याच्या हाताला फावडं मिळाल्याने कोणाचाही धोका वाढत नाही. गुडघ्यापर्यंत गाडलेले काही जण एवढ्यावर शिडीने वर येतात.

गटाराच्या चरात वायूची तपासणी चुकवू नका. मल्टिगॅस मीटर दोराने सोडून आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग हायड्रोजन सल्फाइड बघायचा. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या बाहेर, ज्वलनशील वायू स्फोटमर्यादेच्या (हवेतल्या ज्या प्रमाणापासून तो पेट घेऊ शकतो त्याच्या) १० टक्क्यांवर, किंवा हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत दहा भागांवर) असेल तर आधी ब्लोअर, म्हणजे ताजी हवा सोडणारा पंखा, लावा. ब्लोअर आणि पंपाची इंजिनं वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा, नाहीतर त्यांचाच धूर चरात भरतो. पाणी असेल तर मडपंप, आणि पंपाचं तोंड उताराकडे लांब सोडलेलं. उपसलेलं पाणी मागच्या मातीत मुरून परत त्याच भिंतीत यायला नको. महावितरण, पाणीपुरवठा आणि गॅस कंपनीचे आणीबाणीचे नंबर गाडीत चिकटवून ठेवा आणि फोन एकाच माणसाकडे द्या.

आता आधाराकडे येतो. पाटा म्हणजे आठ बाय चार फुटी, १९ मिलिमीटर जाडीचं चांगलं प्लायवूड, त्याच्या मधोमध बोल्टने बसवलेली ५० बाय ३०० मिलिमीटरची, साधारण ३.६ मीटर लांब फळी. प्लाय मातीकडे, फळी चराच्या आतल्या बाजूला, कारण आडवा दांडा या फळीवर टेकतो. असा पाटा सत्तर किलोच्या आसपास भरतो, म्हणून एका पाट्याला चार जण आणि दोन दोर लागतात. एका माणसाभोवती सुरक्षित जागा करायला समोरासमोर तीन जोड्या, म्हणजे सहा पाटे हवेत, त्यातून ३.६ मीटर लांबीची आधार दिलेली जागा मिळते आणि अडकलेला मधल्या जोडीच्या आत राहतो.

आडव्या दांड्यांना हवेवर चालणारे रेस्क्यू स्ट्रट मिळाले तर सोनंच, कारण ते वरूनच दोराने सोडून ताणता येतात आणि कोणाला खाली जावं लागत नाही. ते नसतील तर चरासाठी बनवलेले स्क्रू जॅक, नाहीतर लाकूड. घट्ट माती, अरुंद आणि उथळ चर असेल तर १०० बाय १०० मिलिमीटरचा सागवान किंवा साल लाकडाचा ठोकळा हे कमीत कमी. मऊ मातीत १५० बाय १५०. स्लॅबखाली उभे लावतात ते लोखंडी प्रॉप आडवे लावायचा मोह सगळ्यांना होतो, कारण ते कुठेही मिळतात. ते उभ्या वजनासाठी बनवलेले असतात. आडवे लावले की त्यांची टोकं सरकतात आणि आडवा धक्का बसला तर मधून वाकतात. प्रशिक्षणात ते वापरूच नका, म्हणजे प्रत्यक्षात हात तिकडे जाणार नाही.

पहिला दांडा काठापासून ६० सेंटिमीटरच्या आत, दोन दांड्यांमधलं उभं अंतर १.२ मीटरपेक्षा जास्त नाही, शेवटचा तळापासून ६० सेंटिमीटरच्या आत. २.४ मीटर खोलीला या हिशेबाने दोन बसतात, पण कोसळलेल्या मातीत मी तीनच लावायला शिकवतो. तीन जोड्यांना नऊ दांडे. लाकडाचं माप तिन्ही पातळ्यांवर वेगवेगळं घ्या, कारण चर खाली अरुंद होत जातो. मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर आखूड कापा आणि ती जागा समोरासमोरच्या दोन पाचरांनी भरा. पाचरा दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ठोकायच्या. एकाच बाजूने ठोकल्या तर दांडा तिरका होतो, आणि तिरका दांडा दाब आला की निसटतो. दांड्याखाली फळीवर लाकडी तुकडा खिळ्यांनी मारून ठेवला की पाचर सैल झाली तरी दांडा कोणाच्या डोक्यात पडत नाही.

लाकूड किंवा स्क्रू जॅक लावताना नियम एकच, वरून खाली. वरचा दांडा पक्का झाल्यावर शिडीवरून एक पातळी खाली. पण लावलेल्या शेवटच्या दांड्याच्या खाली कंबर जाऊ द्यायची नाही. पुढचा दांडा लावताना जवान वाकतो, त्याला सोपं पडावं म्हणून एक पायरी आणखी उतरतो, आणि तिथेच आधाराच्या बाहेर जातो. माझ्या बघण्यात सरावातली सर्वांत नेहमीची चूक हीच. सेफ्टी ऑफिसरने बाकी काही न बघता फक्त शिडीवरच्या माणसाची कंबर आणि त्याच्या वरचा दांडा बघावा.

पाटा आणि माती यांच्यामध्ये पोकळी राहिली तर आधार नावापुरता उरतो. ढासळलेल्या जागी भिंत आत खचलेली असते. तिथे पाटा हवेत टेकतो, मागची माती मोकळी सुटते आणि आधाराला धक्का देऊन आदळते. म्हणून पोकळी वाळूच्या किंवा मातीच्या पोत्यांनी, नाहीतर कमी दाबाच्या हवेच्या पिशव्यांनी वरून भरून घ्यायची आणि मगच कोणी खाली उतरायचं. रिकामी पोती, सुतळी आणि एक ट्रॉली वाळू ही तुमच्या यादीतली सर्वांत स्वस्त वस्तू आहे, आणि ऐन वेळी नेमकी तीच सापडत नाही.

खाली उतरलेले दोन, वर तयार असलेले दोन, आणि कशालाही हात न लावणारा एक सेफ्टी ऑफिसर. शिट्टीचे इशारे सगळ्या पथकांना माहीत असतात तेच ठेवा: एक लांब शिट्टी म्हणजे हातातलं काम थांबवून शांतता, तीन आखूड म्हणजे ताबडतोब बाहेर, एक लांब आणि एक आखूड म्हणजे पुन्हा सुरू. आगीचा जाड कोट खाली नको. त्यात अंग वाकत नाही, आणि मे महिन्यात जवान दहा मिनिटांत गळून जातो. हेल्मेट, चष्मा, हातमोजे, लोखंडी टोकाचे बूट, गुडघ्याचे पॅड आणि साधा ओव्हरऑल पुरे.

माणसापर्यंत पोचल्यावर आधी तोंड आणि छाती मोकळी करायची. छातीपर्यंत गाडलेला माणूस श्वास सोडतो तेव्हा माती त्या रिकाम्या जागेत सरकते आणि पुढचा श्वास तेवढा कमी येतो. काही मिनिटांत तो नुसत्या दाबाने गुदमरतो, जरी तोंड हवेत असलं तरी. म्हणून डोकं दिसतंय म्हणजे सुखरूप आहे, असं धरायचं नाही. शेवटची फूटभर माती हाताने आणि छोट्या फावड्याने, चारही बाजूंनी सारखी काढायची. जेसीबीची बकेट, पहार, कुदळ माणसाजवळ नको. महापालिकेची सक्शन-जेटिंग गाडी वरून चिखल ओढायला कामाला येते, पण नळीचं तोंड माणसापासून हातभर लांब, त्यावर जाळी लावलेली, आणि झडपेवर एक माणूस सतत उभा हवा.

कंबरेपर्यंत गाडलेल्याला दोर बांधून ओढणं हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात घातक प्रकार. ओली माती पायांना धरून ठेवते आणि ओढ सांध्यांवर, कण्यावर येते. पाऊल दिसेपर्यंत खणायचं, मग उचलायचं.

मांड्यांसारखे मोठे स्नायू तासाभराहून जास्त दबलेले असतील तर सुटकेचा क्षणच धोक्याचा होतो. दबलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम आणि इतर द्रव्यं रक्तात एकदम सुटतात. तोवर बोलत असलेल्या माणसाचं हृदय थांबू शकतं, आणि वाचला तर पुढे मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणून १०८ च्या डॉक्टरांना सुरुवातीपासून बोलावून घ्या. सलाइन लावणं, किती आणि कोणतं, हे ते ठरवतील. जवानांनी एवढंच शिकायचं की डॉक्टर 'चला' म्हणेपर्यंत शेवटचं वजन काढायचं नाही. आणि ओल्या मातीत दोन-तीन तास पडलेला माणूस उन्हाळ्यातही गारठतो. ब्लँकेट गाडीत ठेवा.

सरावाची जागा. उघडा, आधार नसलेला चर खणून त्यात सराव कधीही घेऊ नका, कितीही उथळ वाटला तरी. अग्निशमन केंद्राच्या आवारात जमिनीवरच २.४ मीटर उंच, एक मीटर अंतरावर समोरासमोर दोन मजबूत भिंती उभ्या करा, शटरिंगच्या फळ्यांच्या, बाहेरून भक्कम टेकू दिलेल्या, सहा मीटर लांब. वर चालायला दोन्ही बाजूंना मचाण. नगर अभियंत्यांकडून तपासून घ्या. पाटे सोडणं, दांडे लावणं, मापं घेऊन लाकूड कापणं, सगळं यावर होतं. पुढे निधी मिळाला तर काँक्रीटच्या भिंतींचा कायमचा खड्डा बांधा. अडकलेल्याच्या जागी ७५ किलोचा पुतळा. जिवंत माणसाला गुडघ्यापर्यंतसुद्धा पुरायचं नाही.

दिवसांचा हिशेब असा मांडेन. पहिला दिवस सगळ्या २२ जणांना, पाळ्यांमुळे तीन तुकड्यांत: सकाळी माती आणि घमेल्यांचं काम, दुपारी पहिल्या पंधरा मिनिटांचा सराव, निदान चार वेळा. मग त्यातले दहा निवडा आणि त्यांना आणखी तीन दिवस द्या, आधार लावण्यात आणि सुटकेत. निवडताना ताकदीपेक्षा थांबता येण्याकडे बघा. दर तीन महिन्यांनी दोन तास उजळणी, आणि मे महिन्यात शेजारच्या पालिकेचं दल, १०८, महावितरण आणि बांधकाम विभाग यांच्यासह एक पूर्ण सराव. एनडीआरएफच्या बटालियनला प्रशिक्षणासाठी अधिकृत पत्र लिहा, आणि नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात कोणी अधिकारी कोर्सला जाणार असेल तर हा विषय तिथे मांडायला सांगा. दोन दिवसांत पहिल्या पंधरा मिनिटांचं काम पक्कं होतं, आधाराचं नाही.

सामान येईपर्यंतही हातावर हात धरून बसायची गरज नाही. गावात काम चालू असलेल्या ठेकेदारांची यादी बनवा: कोणाकडे शटरिंगच्या फळ्या, ठोकळे, पंप, जनरेटर, रात्रीचे दिवे आहेत, रात्री दोन वाजता गोदाम कोण उघडेल. आणि आठवड्यातून एकदा एका अधिकाऱ्याने चालू चरांवर फेरी मारावी. केंद्रीय बांधकाम खात्याच्या त्याच सुरक्षा संहितेप्रमाणे १.२ मीटर किंवा जास्त खोल चराला दर ३० मीटरला शिडी हवी, आणि १.५ मीटर किंवा जास्त खोल चराच्या बाजू उताराच्या, पायऱ्यांच्या किंवा आधार दिलेल्या हव्यात. तुमचे दहा-बारा फुटी चर सरळ उभे कापलेले दिसले तर फोटोसह नगर अभियंत्यांना त्याच दिवशी लेखी कळवा. काम थांबवायचा अधिकार त्यांच्याकडे आहे, आणि लेखी आलेलं पत्र बाजूला ठेवणं कठीण जातं.

एक शेवटचं, जे सरावात नेहमी राहून जातं. माणूस रुग्णवाहिकेत गेला की सगळे सैल पडतात आणि आधार काढायला घाई करतात. काढताना क्रम उलटा, खालून वर, आणि प्रत्येक दांडा काढताना वरचा अजून लागलेला. जिथे भिंत फुगलेली किंवा पाटा जाम झालेला दिसेल तिथे काढूच नका. लाकूड तिथेच सोडा, वरून भराव टाकून चर बुजवू द्या. त्या नऊ ठोकळ्यांची किंमत पंचनाम्यात लिहून घेता येते. सरावाच्या वेळापत्रकात या कामाला तासभर वेगळा ठेवा, तोही जवान दमलेले असताना, कारण प्रत्यक्षात ते काम तशाच अवस्थेत करावं लागतं.